ओला पांगारा आणि लॅबमधला बॉम्ब

साल दोन हजार नऊ, माझं वय सत्तावन्न. शाळेच्या दाखल्यावर पंचावन्न. बापानं नाव घालायला नेलं तेव्हा मी अंगानं किडकिडीत होतो, म्हणून मास्तरांनी दोन वर्षं कापली आणि जन्मतारीख टाकली एक जून. आमच्या गावातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. त्या दिवशी सुईणीचे फार हाल झाले असणार. चौथीत मी शाळा सोडली आणि मिठागरात बापाच्या हाताखाली लागलो. पुढं मिठागरावर भराव पडला, भरावावर रस्ता आला, आणि मी पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत भट्टीवर गेलो. तिथून तळोज्याच्या केमिकल कारखान्यात. हे सगळं मी आता लिहितोय ते नातीच्या जिवावर. ऱ्हस्व-दीर्घ तिचं, बाकी माझं.

कारखान्यात मी फायरमन. पनवेलच्या बाजारात कुणाला सांगितलं तर त्याला वाटायचं हा आगी विझवतो. मी आग घालणारा. बॉयलरच्या पोटात जळण घालायचं, राख ओढायची, आणि वाफेच्या दाबाचा काटा दहा किलोवर धरून ठेवायचा, एवढं काम. बावीस वर्षं केलं. आधी दगडी कोळसा होता, मग तेल आलं, मग तेल महागलं तेव्हा लाकडाच्या चिपा आल्या. चिपा म्हणजे वखारीतले ओंडके यंत्रात घालून केलेले बोटाबोटाएवढे तुकडे. ट्रकच्या ट्रक यायचे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि काटा दहावर राहीना. कितीही फावडी मारली तरी सातावर येऊन बसायचा. वरच्या खात्यातून फोनावर फोन, वाफ द्या, वाफ द्या. मी चिपा मुठीत धरून दाबल्या, तळवा ओला झाला. यात न कळण्यासारखं काय आहे? मी जाऊन साहेबांना सांगितलं, माल ओला येतोय.

आमचे साहेब म्हणजे प्लँटचे मॅनेजर. चाळिशीचे असतील. डिग्रीचा कागद काचेत घालून खुर्चीच्या मागं लावलेला, म्हणजे समोर बसणाऱ्याला साहेब आणि डिग्री एकदमच दिसावेत. त्यांनी लॅबचे रिपोर्ट माझ्यापुढं टाकले.

"बघा मामा. तुमच्या चिपांची उष्णता. चार हजार चारशे. महिनाभर रोज चार हजार चारशे. माल एक नंबर आहे."

"साहेब, माल ओला हाय. मुठीत कळतं."

"मूठ शेवटची कुठं तपासून आणली होती?"

"मूठ घरचीच हाय."

ते हसले नाहीत. त्यांनी कागदावर गुणाकार मांडला. एवढे टन चिपा, गुणिले चार हजार चारशे, म्हणजे एवढी आग आत गेली. आणि वाफ निघाली ती तिच्या निम्मीसुद्धा नाही.

"बाकीची आग कुठं गेली, मामा? तुम्ही खाल्लीत?"

"खाऊन पोट भरलं आसतं तर डबा कशाला आनला आसता."

"आग घालण्यात गडबड आहे. वय झालं, होतं असं," ते म्हणाले. "शनिवारपासून तुम्ही गेटवर बसा. बॉयलरला कंत्राटी माणूस येतोय. गेटवर सावली आहे, खुर्ची आहे."

पगार तोच राहणार होता, त्याची मला फिकीर नव्हती. पण गेटवर बसून करायचं काय, तर येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर वहीत लिहायचा, ड्रायव्हरचं नाव लिहायचं. मी लिहायला कसा आहे ते साऱ्या कारखान्याला माहीत होतं. एक नंबर लिहीपर्यंत मागं चार ट्रकांची रांग लागली असती आणि चार ड्रायव्हर माझ्या पेनाकडं बघत उभे राहिले असते. बॉयलरवर माझ्यासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती. ज्या जागी मला काही येतं ती सोडून, ज्या जागी काही येत नाही तिथं मला सावलीत बसवणार होते. तेही कशावरून, तर माझ्या हातानं आग मारली म्हणून. दोष चिपांचा, आणि डाग मला.

हे मंगळवारचं. बाहेर आलो तर माझा पाळीजोडीदार राख ओढत होता. तो करंजा गावचा कोळी. बाप-आजा बोटीवर गेले, हा समुद्र सोडून आगीवर आला. म्हणायचा, माशाचा वास जातो, केमिकलचा जात नाय. मी त्याला झालेलं सांगितलं.

"मग जा ना दादूस लॅबात. बग तरी कसं मोजतात ते. पन जपून जा, तितं बॉम हाय."

"कसला बॉम?"

"बॉमच म्हनतात त्याला. त्यात घालून जालतात."

लॅबमध्ये एक मुलगी होती. कामोठ्याहून यायची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पांढरा कोट घालून. सगळे तिला मॅडम म्हणायचे. मी बाय म्हणालो, तिला त्याचा राग आला नाही. ती मला काका म्हणायची.

"काका, तुम्ही आलात ते बरं झालं. रिपोर्टवर खालून कुणी भांडत आलेलं मी पहिल्यांदाच बघतेय."

तिनं मला ते सगळं दाखवलं. बॉम्ब म्हणजे काय, तर जाड पोलादाचा एक डबा, आमच्या डब्यापेक्षा जरा उंच, आट्यांचं झाकण. चिपांची पावडर करून तिची गोळी दाबायची, ताकाच्या वाटीएवढी पण नाही अशा एका वाटीत ठेवायची. गोळीचं वजन एक ग्रॅम. तिला तार लावायची, तारेला सुताचा दोरा. झाकण आवळायचं, आत सिलेंडरमधून ऑक्सिजन कोंबायचा. मग तो डबा मोजलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवायचा. बादलीत पाणी ढवळायला पंखा आणि एक थर्मामीटर.

"दहा टनाचा ट्रक आणि एक ग्रॅम?" मी म्हणालो.

"शितावरून भाताची परीक्षा, काका."

"शीत पातेल्याच्या बुडातनं काढतात. तुमचा पोऱ्या ट्रकवर चढतो आनि वरचंच उचलतो."

तिनं हे लिहून घेतलं. मग बटन दाबलं. मी दोन पावलं मागं सरलो, उगाच कशाला खोटं बोलू. काहीच झालं नाही. आवाज नाही, धूर नाही. पाणी पंख्यानं गोल फिरत राहिलं आणि ती दर मिनिटाला आकडा लिहीत राहिली. बावीस वर्षं मी ज्याच्यासमोर उभा राहून भुवया जाळून घेतल्या ती आग इथं एका डब्यात लागून विझलीसुद्धा.

"किती तापलं?"

"एक पूर्णांक चौऱ्याऐंशी डिग्री."

"यात कुनाची अंगोळ नाय व्हायची."

ती हसली आणि हिशोब सांगायला लागली. बादली, पाणी आणि डबा हे सगळं मिळून एक डिग्री तापायला दोन हजार चारशे उष्णांक लागतात. ते कसं कळलं, तर एक पांढरी पावडर असते, तिची उष्णता जगात सगळ्यांना ठाऊक, ती जाळून आधीच बघून ठेवलेलं. म्हणून चोवीसशेला एक पूर्णांक चौऱ्याऐंशीनं गुणायचं. त्यातून तार जळाली तिचे वजा, दोरा जळाला त्याचे वजा. राहिले चार हजार चारशे.

दोऱ्याचेसुद्धा वजा करतात हे मला आवडलं. पण तिथं आवडून घ्यायला गेलो नव्हतो.

मी म्हणालो, "बाय, हे यंत्र खरं आसेल तर चिंच आनि पांगारा वळखील."

आमच्याकडं लहान पोराला विचारा. चिंचेचं लाकूड चुलीत घातलं तर निखारा सकाळपर्यंत राहतो. पांगारा लोक कुंपणाला लावतात, चुलीला कुणी लावत नाही. घातलाच तर डोळे चुरचुरतात आणि भाकर कच्ची राहते. मी तिला म्हटलं, दोन्ही लाकडं आणतो. माझा हात सांगतो की चिंच पांगाऱ्याच्या दीडपट. तुझ्या बॉम्बानंही तेच सांगितलं, तर साहेबाला सांग की म्हाताऱ्याच्या हाताला कळतं.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर शनिवारी गेटवर जातो. तोंड उगडनार नाय."

बुधवारी सकाळी मी लाकडं नेली. चिंचेचा तुकडा माळ्यावर तीन वर्षं पडलेला, वाजवला तर टणटण. आणि पांगारा? पांगारा मी त्याच सकाळी कुंपणातून तोडला होता. कोयता मारला तिथून पाणी गळत होतं. फडक्यानं पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला, तिच्या टेबलावर ठेवला. कुणी याला लबाडी म्हणेल. मी त्या दिवशी खबरदारी म्हणत होतो.

गुरुवारी सकाळी अकराला तिनं दोन्ही जाळले. जोडीदार राख ओढायची सोडून वर आला होता, मजा बघायला. आधी चिंच. चार हजार चारशे पन्नास. मी जोडीदाराकडं बघून मान हलवली. मग पांगारा. थर्मामीटर चढत गेला, चढत गेला, आणि चिंचेच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चार हजार तीनशे नव्वद.

जोडीदार म्हणाला, "दादूस, कुंपनवाल्यानं तुज्या पाटलाच्या मांडीला मांडी लावली."

"यंत्र बिगडलंय."

"यंत्र नाही बिघडलेलं, काका," ती म्हणाली. आवाजात दया होती, ती मला जास्त लागली. "वजनाला वजन घेतलं तर लाकूड सगळं साधारण सारखंच असतं. चिंच घट्ट असते. एका ओंडक्यात लाकूड जास्त, म्हणून जास्त वेळ जळते. ग्रॅमला ग्रॅम बघितलं तर फरक नाही."

साठीला आलेल्या माणसाला चिंच म्हणजे काय ते कामोठ्याची मुलगी सांगत होती. तिच्या घरी चूलसुद्धा नसणार. आणि तिचं खरं होतं, तोच तर त्रास.

एक वाजता कँटीनला गेलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. कुणीतरी ओरडलं, "पांगारा आला, जागा द्या." मी भिंतीकडच्या बाकावर डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकट. एक घास खाल्ला आणि घास तोंडातच राहिला. माझ्या डोळ्यासमोर पांगाऱ्याची फांदी आली, कोयत्याची खाप आणि तिच्यातून गळणारं पाणी. त्या फांदीत निम्मं पाणीच होतं. पाणी जळत नाही, हे कळायला चौथीही पुरते. मग निम्मं पाणी असलेल्या लाकडाची आग सुक्या चिंचेएवढी आली कशी? ते पाणी गेलं कुठं?

विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायचं की मी ओला पांगारा पुसून आणला होता. एका दिवसात किती वेळा हरायचं त्यालाही काही हद्द असते. न विचारता गेलो असतो तर माझी लबाडी माझ्यापाशी राहिली असती आणि मी गेटवर. बराच वेळ मी डब्याचं झाकण लावत बसलो. मग उठलो.

ती भांडी धूत होती. मी दारातूनच म्हणालो, "बाय, तो पांगारा वला होता."

"म्हणजे?"

"काल सकालीच तोडला. पानी गलत होतं. मी पुसून आनला."

ती वळली. "तुम्ही मला फसवत होता?"

"तुला नाय. यंत्राला. पन ते फसलं नाय. का नाय फसलं ते सांग, मग काय बोलायचं ते बोल."

"अहो, कारण ओला भुगा बॉम्बमध्ये धड पेटत नाही. आम्ही नमुना रात्रभर ओव्हनमध्ये ठेवतो, एकशे पाच डिग्रीवर. पार सुकवतो आणि मगच जाळतो. तुमचा पांगारा काल रात्रभर तिथंच होता."

"चिपापन?"

"चिपा पण. सगळंच." एवढं बोलली आणि तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

रिपोर्टचा छापील कागद काढला. त्यात एक चौकट होती, तिच्यावर लिहिलेलं 'ओलावा'. नमुना सुकवायच्या आधी तोलायचा, सुकवल्यावर तोलायचा, घट झाली ते पाणी, आणि तेवढं आकड्यातून कमी करायचं. दोऱ्याचे कमी करणाऱ्यांनी पाण्याचे करायला नको का? पण त्या चौकटीत आडवी रेघ होती. मागच्या महिन्यात रेघ. त्याच्या मागच्या महिन्यात रेघ. ती कपाटातून जुन्या फायली काढत गेली, रेघ संपेना. शेवटी दोन वर्षांपूर्वीचा कागद सापडला, आधीच्या केमिस्टच्या हातचा. रेघेच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: मोठा तराजू दुरुस्तीला. तराजू महिनाभरात परत आला असणार, तिच्या पाठीमागंच तो होता. रेघ मात्र कुणी दुरुस्तीला पाठवली नाही. जो आला त्यानं मागच्याची बघून मारली. दिवाळीपर्यंत माल सुका येत होता, म्हणून कुणाचं अडलं नाही.

"मी पण मारली," ती म्हणाली. "मला वाटलं, चिपांना लागत नसेल."

दोन वर्षं पदवीवाल्या माणसांनी एकामागून एक न चुकता ती रेघ मारली होती, कुणाचीही वाकडी नव्हती. एवढी सरळ रेघ मारायला पंधरा-सोळा वर्षं शाळेत जावं लागतं. मी चौथीत सुटलो. हे मी तिला तोंडावर बोललो, आणि तिनं ऐकून घेतलं. लबाडी कबूल केलेल्या माणसाचं ऐकून घेतलं, हे मला आजही मोठं वाटतं.

मग मी खाली गेलो, उभ्या ट्रकच्या बुडातून स्वतः चिपा काढल्या आणि पिशवीचं तोंड बांधून तिच्याकडं आणल्या. तिनं शंभर ग्रॅम तोलून ओव्हनमध्ये ठेवल्या.

शुक्रवारी सकाळी काढल्या. अडुसष्ट ग्रॅम. बत्तीस ग्रॅम पाणी. ती कागदावर हिशोब करत होती, मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. चार हजार चारशेचे राहिले तीन हजारसुद्धा नाहीत, आठ कमीच.

"आणि काका, हे पाणी उकळवून धुराड्यातून बाहेर घालवायला आग लागते, ती आणखी वेगळी."

"तीच मी दिवालीपासनं घालतोय," मी म्हणालो.

आम्ही दोघं साहेबांकडं गेलो. तिनं स्वतःची चूक आधी सांगितली, स्वतःच्या तोंडानं. साहेबांनी कागद उलटा करून बघितला, जणू मागं दुसरा आकडा मिळेल.

"हे सापडलं कसं?" त्यांनी विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. माझी लबाडी तिनं पोटात घातली असती, तिच्या तोंडावर दिसत होतं ते. मला ते नको होतं.

"मी यंत्राला फसवायला वला पांगारा नेला होता," मी म्हणालो. "तितनं सापडलं."

साहेब पहिल्यांदा हसले. चांगलं खदखदून हसले. मग फोन उचलून चिपावाल्याला झापायला लागले, आणि त्याला सांगितलं की मला पहिल्यापासून संशय होता. आम्ही दोघं समोर उभे होतो तरी सांगितलं. डिग्रीचा कागद त्यांच्या डोक्यामागं होताच. काच घातलेली असली की कागदाला काही लागत नाही.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मग उद्या मी बॉयलरवरच ना?"

"मामा, त्याचं असं आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या बदलीची ऑर्डर मुंबईला गेली. सही होऊन आली पण. आता ती मागं घ्यायची म्हणजे पुन्हा पत्र, पुन्हा सही. महिना जाईल. तोवर बसा गेटवर."

"पन चूक माजी नव्हती."

"नव्हतीच. कोण म्हणतंय होती? पण ऑर्डर ती ऑर्डर."

"त्यात कारन काय लिवलंय?"

त्यांनी फाईल चाळली. "आग घालण्यात निष्काळजीपणा. ते राहू द्या हो, छापील भाषा असते ती."

मुलगी काहीतरी बोलायला गेली, त्यांनी तिला पुढच्या ट्रकचे नमुने बघायला पाठवलं. मी घरी आलो. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हणालो, जिंकलो. ती म्हणाली, मग तोंड असं का? मी जेवलो आणि झोपलो.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी कारखान्यात पोचलो. गेटवर माझ्यासाठी खुर्ची मांडली होती, टेबलावर वही, वहीला दोरीनं बांधलेलं पेन. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मामा, इथं सही." मी त्याला राम राम केला आणि सरळ बॉयलरवर गेलो. कंत्राटी माणूस हातमोजे घालून उभा होता, काटा साडेसातावर. मी त्याला म्हटलं, दादा, तुझ्याशी माझं भांडण नाय, जरा बाजूला बस. शर्ट खुंटीला लावला, भट्टीचं दार उघडलं, रात्रीची राख ओढून काढली. काल घरी जायच्या आधी मी सुक्या जागी पसरून ठेवलेल्या चिपा पुढं होत्या, त्या घेतल्या. आठ वाजता काटा नवाच्या पुढं गेला. नऊ वाजता गेटवरून माणूस धावत आला, म्हणाला साहेबांनी विचारलंय, गेटवर कोण आहे? मी सांगितलं, "साहेबाला म्हनावं, मी आगीवर हाय. आग सोडून येता येत नाय. काय बोलायचं आसेल तर खाली या." आणि पुढचं फावडं मारलं.